घारीचा खालचा थर

देवाच्या वचनावर बोलायला उभं राहण्याआधी माणसानं जेवून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. हे मत मला सुरतेत, नव्वदीच्या दशकात, एका रविवारी मिळालं.

मी तिथं मराठी शाळेत शिक्षक होतो. त्या संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा होती आणि संदेश प्रथमच मी देणार होतो. चर्चच्या पाळकांनी विषय दिला होता, ‘मोहाचा प्रतिकार’. तयारी म्हणून मी सकाळपासून उपास धरला. (बायकोनं, सरोजनं, दोनदा विचारलं, "झेपेल का?" मी नुसता हसलो.)

दुपारी शेजारच्या रंजनबेननी चंदी पडव्याच्या सणाची म्हणून घारीची, म्हणजे तिथल्या खव्याच्या मिठाईची, पेटी पाठवली. बारा घाऱ्या. खाली सहा, मध्ये कागद, वर सहा. वरून गोठलेलं पांढरंशुभ्र तूप. सरोज म्हणाली, "पाहुण्यांना होतील. कुणी हात लावायचा नाही." आणि पेटी कपाटात ठेवली. त्याच खोलीत बसून मी टिपण काढत होतो.

‘मोह दिसताच पळ काढावा’ असं लिहिलं आणि पळालो. थेट कपाटाकडे. वरच्या थराला धक्का न लावता कागदाखाली दोन बोटं सरकवली. एक घारी गेली तर कुणाला कळणार? दुसरी गेल्यावर उपास मोडलेलाच होता. अंघोळ करून आल्यावर तिसऱ्या खेपेला बोटांना काही लवकर लागेना. मला वाटलं, पेटीच मोठी आहे.

संध्याकाळी घरचे धरून बाराजण जमले. मी जोरात बोललो. टिपणावर तुपाचा डाग पडून मधल्या चार ओळी गेल्या होत्या, तरी लोक माना डोलवत होते. आमेन झालं. सरोजनं पेटी पाळकांपुढे ठेवली. त्यांनी वरच्या सहा घाऱ्या ताटात काढल्या, कागद उचलला आणि आत बघत राहिले.

"वहिनी, खाली काहीच नाही."

माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. शेवटी मी म्हणालो, "तीन मी खाल्ल्या."

"तीनच?" पाळकांनी विचारलं.

कोपऱ्यातून माझे मधुमेही बाबा खाकरले. "दोन माझ्या. डॉक्टरला सांगू नका."

आता सगळे सरोजकडे वळले. "एक चाखली मी," ती म्हणाली. "पाहुण्यांना द्यायची म्हणजे बघायला नको?"

पाळक इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मास्तर, संदेश आत्ता कळला," ते म्हणाले, आणि सहा घाऱ्यांचे बारा तुकडे करून सगळ्यांना दिले. माझ्या हातावरही एक ठेवला. तो मात्र मला गिळवेना. मी तो गुपचूप बाबांना द्यायला गेलो, तर सरोजनं मध्येच उचलला.

हसण्याचा आवाज ऐकून रंजनबेन दारात आल्या. "मास्तर, घारी भावी? बीजी पेटी मोकलुं?"

घारी आवडली का, दुसरी पेटी पाठवू का, असं त्या विचारत होत्या. सगळी सभा माझ्याकडे बघत होती. नाही म्हणायची एवढी चांगली संधी पुन्हा येणार नव्हती.

"पाठवा," मी म्हणालो.