सरावाला काय अर्थ असतो?

आमच्या मर्ल टूहीनं तीस वर्षं मेलबर्नची ट्राम चालवली आणि साठ वर्षं आमच्या हरणाऱ्या फुटबॉल संघाची पाठराखण केली. हंगाम सुरू होण्याआधीच्या, फेब्रुवारीतल्या सराव सामन्यांवर तिचा काडीचाही विश्वास नाही. परवा रणरणत्या उन्हात आमच्या पोरांनी समोरच्यांचा नऊ गोलांनी धुव्वा उडवला, तेव्हा मी बाकावर चढून नाचायलाच लागलो.

"खाली उतर, डेस," ती खेकसली. "सरावाला काय अर्थ असतो? फेब्रुवारीत उड्या मारायच्या आणि जूनमध्ये तोंड लपवत फिरायचं."

मी खाली उतरलो. तिनं पर्समधून फोन काढला आणि नातीला लावला.

"बाळा, लग्नाची तारीख बदल. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार जमणार नाही. त्या दिवशी फायनल असते, आणि यंदा आपण खेळतोय."