जाऊबाईंचं निदान

लढाई संपल्यावर आमचे हे लष्करातून सुटून मलकापुरात परत आले आणि लिलावात एक उघड्या हौद्याची छोटी लष्करी मोटार घेतली. तिच्यातून गूळ सांगलीला न्यायचा, असा बेत होता. पण मोटारीला दुखणं होतं. सकाळी झकास चालू व्हायची, इस्लामपूर ओलांडलं की आचके द्यायची आणि बंद पडायची. अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. ह्यांनी प्लग पुसले, पॉइंट घासले, कार्बोरेटर दोनदा खोलला. काही फरक पडला नाही.

शेवटी ह्यांनी हाक मारली ती जाऊबाईंना. माझे थोरले दीर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवायचे. ते दुरुस्तीला बसले की पाने हातात द्यायला जाऊबाई असायच्या. दीर वारले, पण ती विद्या बाईंच्या अंगात राहिली होती.

"भावजी, गार असताना ठिणगी कशी पडती?"

"निळी. चांगली कडक."

"आन तापल्यावर?"

"त्ये बघितलंच न्हाई, वैनी."

"मग त्येच बघा. ठिणगी पाडनारी कॉईल तापली की दम सोडत असंल."

दोघं बॉनेटवर वाकून तासभर बोलत होते. माझ्याशी हे जेवायला वाढलं की 'व्हय' आणि 'न्हाई', एवढंच बोलायचे. मी दारातून बघत होते आणि आतून नुसती जळत होते. त्यात हे म्हणाले, "वैनी, उद्या तुमीच चला संगं."

सकाळी मी कुणाला न विचारता मोटारीत ह्यांच्या शेजारच्या एकुलत्या जागेवर जाऊन बसले. जाऊबाई पायात वहाणा घालून दारात आल्या. मला बघून थांबल्या. मग आत जाऊन पाण्याची कळशी आणि जुनेराचा तुकडा आणून माझ्या हातात दिला. "बंद पडली की कॉईल हातानं बघ. तापली असंल तर वला कपडा टाक. लगीच चालू झाली, तर दुखणं तितंच हाय."

इस्लामपूरच्या पुढे मोटार आचके देत थांबली. ह्यांनी वायर इंजिनाजवळ धरून मला हँडल मारायला लावलं. ठिणगी पिवळी, मरतुकडी. मी पुढं होऊन कॉईलवर अख्खा तळवा टेकवला आणि किंचाळले. मग ओलं फडकं गुंडाळलं. पाच मिनिटांतच ठिणगी निळी पडली, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं.

"वैनींचं खरं निघालं!" हे आनंदानं ओरडले. माझ्या तळव्याला फोड आले होते.

सांगलीत एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दुसरी कॉईल बसवून दिली. येताना मोटार कुठं अडली नाही.

घरी जाऊबाईंनी माझ्या हाताला लोणी लावलं. "सगळा तळवा टेकवलास व्हय गं? बोटाच्या पाठीनं बघायचं असतंय." मग खाली बघत म्हणाल्या, "धनी गेल्यापास्नं मोटारीत बसले न्हवते. भावजी चला म्हनाले, तवा लय बरं वाटलं हुतं."

मला लाज वाटली. खरंच वाटली. पण चारच दिवसांनी इंजिनातून टकटक यायला लागली आणि ह्यांनी अंगणातून "वैनी!" अशी हाक दिली, तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी जाऊबाईंच्या आधी बॉनेटपाशी जाऊन उभी राहिले.