कालपासून पळतोय

'रन' हा शब्द कुठे दिसला तरी मला आता शिसारी येते. शाळेत हा शब्द किती गरीब वाटायचा. पुस्तकात अर्ध्या चड्डीतला मुलगा, त्याच्यामागे कुत्रा, आणि खाली लिहिलेलं रन. रन म्हणजे धावणे. बाईंनी पाच वेळा लिहायला सांगितलं, मी लिहिलं, संपलं. पुढे हा शब्द एका माणसाच्या आयुष्यात अशी घाण करून ठेवेल असं तेव्हा कोण म्हणालं असतं.

मी सौदीत राबिघला एका तुर्की कंत्राटदार कंपनीच्या साइट ऑफिसात कागदपत्रं सांभाळते. नवरा तिथेच इंजिनियर. कंपनीचे साहेब तुर्की, मजूर आणि कारागीर निम्म्याहून जास्त आपल्याकडचे, सरकारी कागद अरबीत आणि सगळ्यांच्या मध्ये इंग्रजी, जी धड कोणालाच येत नाही. ऑफिसात बसून बसून मला तुर्की बऱ्यापैकी समजायला लागली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. इंग्रज लोक कंजूष असावेत. एकच क्रियापद आणतात आणि सगळ्या घराला पुरवतात. मुलगा धावला ते रन, नळ वाहिला ते रन, सर्दीनं नाक गळलं ते रन, हॉटेल चालवलं ते रन, पंप चालवला ते रन, आणि चोर पळाला तेही रनच. तुर्कांचं तसं नाही, ते या बाबतीत आपल्यासारखे आहेत. पायांनी धावलं की कोश्माक. पाणी किंवा नाक वाहिलं की आक्माक. यंत्र चालवलं की चालिश्तिर्माक. दुकान चालवलं की इश्लेत्मेक. आणि पोबारा केला की काच्माक. पळून गेलेला माणूस तो काचाक.

मी आमच्या मॅनेजरला म्हटलं होतं, असे रोजच्या कामातले दहा-वीस शब्द तुर्की, इंग्रजी आणि हिंदीत लिहून भिंतीवर लावू या. तो म्हणाला, कशाला, फोन भाषांतर करतो ना. त्याला मी काय सांगणार, कपाळ?

आमच्या साइटवर समुद्र जवळ. पायासाठी खड्डा खणला की खालून खारं पाणी वर येतं, म्हणून उपशाचा पंप सतत चालू ठेवावा लागतो. बंद पडला तर खड्डा भरतो आणि बांधून ठेवलेल्या सळ्या गंजतात. हा पंप चालवायला दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा एक मुसलमान गृहस्थ होता. मी त्याला भाई म्हणायची, तो मला वहिनी. शांत माणूस. गावी घराचं काम काढलेलं, म्हणून वर्षानुवर्षं सुट्टी पुढे ढकलत आलेला. त्या महिन्यात मात्र त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. त्याची आई गावच्या लोकांबरोबर उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, येणार होती. तिनं कधी विमान पाहिलं नव्हतं. मक्केला काही दिवस, मग मदिना, आणि मदिनेहूनच विमानानं घरी. आमच्यापासून मक्का गाडीनं दोन तासांवर. भाईला बाकी काही नको होतं. आईला हात धरून काबा दाखवायचा, एवढंच.

आई यायच्या आदल्या आठवड्यात पंपावरचा दुसरा माणूस आजारी पडला. भाईच्या जागी कोणी येईना. तो गडी पंपापाशीच राहिला, दिवसा, रात्री, परत दिवसा. डबा तिथेच मागवायचा, पत्र्याच्या सावलीत डोळा लावायचा. त्याचा फोरमन सांगलीकडचा. त्याला या माणसाची दया आली, म्हणून त्यानं कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकला. आता हा मनात मराठीत विचार करणार आणि बोटांनी इंग्रजीत लिहिणार. मनात होतं, कालपासून हाच चालवतोय, सुट्टी द्यायला माणूस आला नाही. लिहिलं काय, तर भाईचं नाव, आणि पुढे 'ही इज रनिंग फ्रॉम यस्टरडे. रिलीव्हर नॉट कम.'

मॅनेजरच्या फोननं त्याचं तुर्की केलं. दुन्देन बेरी काचाक. कालपासून फरार. पुढचं वाक्य, त्याच्या जागी कोणी आलेलं नाही. आता वाचा हे दोन्ही एकत्र. कोणाला शंका येईल? मॅनेजरनं मजुरांच्या राहण्याच्या कॅम्पमध्ये फोन करून विचारलं, हा माणूस खोलीवर आहे का. कॅम्पवाल्यानं बघून सांगितलं, नाही, काल रात्री झोपायलाही आला नाही. मग काय विचारता. कंपनीच्या सरकारी कामं बघणाऱ्या माणसाला सांगण्यात आलं, आणि त्यानं संगणकावर हुरूब लावून टाकलं.

हुरूब म्हणजे कामगार मालकाला न सांगता पळाल्याची सरकारी नोंद. ती लागली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, खिशात असून नसल्यासारखा. रस्त्यात तपासणी झाली तर थेट कोठडी, मग मायदेशी रवानगी आणि परत यायला बंदी. हे सगळं घडत होतं तेव्हा पळालेला माणूस ऑफिसापासून हाकेच्या अंतरावर पंपात डिझेल ओतत होता. खिडकी उघडली असती तर मॅनेजरला दिसला असता.

भाई फोन घेऊन माझ्याकडे आला. त्यावर अरबीत मेसेज. "वहिनी, हे आईच्या परवानगीचं आहे का बघा जरा," म्हणाला. मला अरबी वाचता येत नाही, पण तो एक शब्द इथला प्रत्येक माणूस ओळखतो. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि मग सांगितलं. त्यानं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "आई परवा पोचतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. तो उठला, हसला, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे माझ्या हातांवर लिंबाच्या वासाचं कोलोन ओतलं. तो वास मला एरवी आवडायचा. त्या दिवशी मी हात पुसून टाकले. मी त्याच्याच भाषेत त्याला समजावलं, पंप चालवत होता, पळत नव्हता, काचाक नव्हे, चालिश्तिर्माक. तो ऐकत होता, 'तमाम, तमाम', ठीक आहे, ठीक आहे, म्हणत होता. शेवटी म्हणाला, गैरसमज झालेला आहे. झालेला आहे. म्हणजे तो कोणी केलेला नाही, धुळीचं वादळ येतं तसा तो आपोआप आला. मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी म्हटलं असतं, चला, चूक कोणाच्याही हातून होते. खरी किळस पुढे आहे. नोंद मागे घ्यायची तर कंपनीला कबूल करायला लागणार की आम्ही कामावर हजर असलेल्या माणसाला फरार ठरवलं. ते वरच्या साहेबांना चालणार नव्हतं. म्हणून त्यांनी इंग्रजीत एक कागद तयार केला. त्यात भाईनं लिहून द्यायचं, मी न सांगता काम सोडून पळालो होतो, आता मला पश्चात्ताप झाला आहे, कंपनीनं मोठ्या मनानं मला परत घेतलं आहे. सही केली की त्याच दिवशी हुरूब निघेल. नाही केली तर लेबर ऑफिसात तक्रार करा, ती चालेल तितके दिवस चालेल. आणि तोवर भाईचं गेटचं कार्ड बंद. पळालेल्या माणसाला कंपाउंडाच्या बाहेर पाऊल टाकायला मनाई. वर पंप त्याच्याकडूनच चालवून घेणं सुरू, कारण दुसरा माणूस अजून उठला नव्हता. लाज नावाची चीज कुठे विकत मिळत असती तर मी जेद्दाला शराफियाच्या बाजारातून यांच्यासाठी पिशवी भरून आणली असती.

त्या रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, "मम्मा, दॅट्स सो फनी." तिला मी ताटावरून उठवलं. नवरा म्हणाला, "सही करून टाक म्हणावं, कागद आहे, काय फरक पडतो." त्याला उठवता आलं नाही, म्हणून मीच उठले.

दुसऱ्या दिवशी फोरमन आला. त्याचा चेहरा पडलेला. "वैनी, मी काय चूक लिवलं सांगा की," म्हणाला. "चालवतोय म्हंजी रनिंगच की." व्याकरणात तो बरोबर नव्हता, पण चूकही नव्हता. त्यानं लिहिलं ते माणुसकीनं लिहिलं होतं. त्या सगळ्या भानगडीत माणुसकीनं केलेली तेवढी एकच गोष्ट होती, आणि घात तिनंच केला.

भाईनं कागद दोनदा वाचून घेतला माझ्याकडून. मग घडी घालून माझ्या टेबलावर ठेवला. "वहिनी, मी पंप सोडून जेवायलासुद्धा गेलो नाही. आणि पळालो म्हणून लिहून देऊ? उमऱ्याला जायचं आणि जाताना खोट्यावर सही करून जायचं? नको." आवाज चढवला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतक्या चिखलात एक तरी माणूस स्वच्छ उभा होता. आम्ही तक्रार केली. निकाल पुढे त्याच्याच बाजूनं लागला, पण तोवर आई गावी पोचून कितीतरी दिवस झाले होते.

आई मक्केला आली. रोज व्हिडिओ कॉल. भाईनं तिला सांगितलं, काम फार आहे, सुट्टी मिळत नाही. खरं सांगितलं तर कोठडीच्या भीतीनं ती तिथेच हाय खाईल, असं त्याला वाटायचं. दोन तासांवर आई, आणि हा पत्र्याखाली बसून फोनमधून तिला काबा बघताना बघतोय. मी हिंदू, मला मक्केच्या हद्दीत जाता येत नाही, नाहीतर मी गाडी काढून तिला तरी घेऊन आले असते. तिच्या ग्रुपवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, एकट्या बाईला सोडता येणार नाही, पण मदिनेला जाताना हायवेवर बस थांबेल, तिथे भेटा.

मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि गेले. पेट्रोल पंप, शेजारी मशीद, एक बकाला म्हणजे किराणा दुकान, आणि सगळीकडे चहाचे कागदी पेले पडलेले. आई बसमधून उतरली ती माझ्या मागे बघत होती. तिला वाटलं, गाडीत तो असेल. "तो नाय आला?" म्हणाली. मी म्हटलं, "ड्युटी आहे." ती कठड्यावर टेकली. "बाय, मना फसवू नको. इतक्या वर्षांनी आई आली आणि पोराला एक दिवस मिळत नाय? तो मला टाळतोय. घराच्या कामावरनं मी बोलले होते त्याला, ते मनात धरलंय." तिचे डोळे भरून आले.

हे मात्र माझ्याच्यानं बघवेना. आईला काही कळू देणार नाही असा भाईला शब्द दिला होता तरी मी तिला सगळं सांगितलं. पंप, निरोप, हुरूब, तो कागद, आणि त्यानं सही का केली नाही तेही. मला वाटलं, मुलाचा खरेपणा ऐकून तिला समाधान वाटेल.

सगळं ऐकताना ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी सही केली असती तर आला असता?"

"हो."

"मग करायची होती गो. लिहून द्यायचं पळालो म्हणून. आईला भेटायला पोर पळाला, यात लाज कसली? देवानं काय विचारलं असतं त्याला? माझ्यानं आता परत कुठं येववतंय." तिनं पदराआडून एक पिशवी काढली, आमसुलं, सुकट आणि घरचं काहीबाही, आणि माझ्या हातात दिली. ग्रुपवाले हाका मारायला लागले. ती बसमध्ये चढली आणि माझ्या बाजूच्या खिडकीत न बसता पलीकडे जाऊन बसली.

परत आले तर भाई गेटच्या आतल्या बाजूला उभा होता, कुंपणाला धरून. पिशवी घेतली, उघडली नाही. "आईला कळलं का?" म्हणाला. मी सांगितलं, मला सांगावं लागलं. त्याला राग आला नाही. उलट सुटल्यासारखा वाटला.

"सही का नाही केली, तेही सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग काय म्हणाली?"

मी पेट्रोल पंपापासून इथवर तेच ठरवत आले होते. "म्हणाली, बरं केलंस."

त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "मला माहीत होतं, वहिनी. माझी आई उपाशी राहील, पण खोट्याला हो म्हणणार नाही." मग पिशवी छातीशी धरून तो पंपाकडे निघून गेला.