ढब्बूचा हेडर

ढब्बूला जाऊन महिना होत आला, तेव्हा शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी सभा ठरवली आणि चार शब्द बोलायची कामगिरी चष्मेवाल्याच्या गळ्यात घातली. दोघं पहिलीपासून एका बाकावर, पुढे एकाच फुटबॉल संघात. दुसरं कोण बोलणार? पण आपल्या चष्म्यांच्या दुकानात बसून भाषण लिहिताना चष्मेवाल्याचा हात अडला. ढब्बूबद्दल बोलायचं म्हणजे त्या गोलबद्दल बोलणं आलं, आणि खरं बोलायचं तर मेल्या माणसाची अब्रू जाणार.

ढब्बू लिफ्ट दुरुस्त करायचा. तीस वर्षं त्याने गावातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट चालू ठेवल्या, पण स्वतः जायचा जिन्याने. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मला आतलं माहीत आहे." धापा टाकत सातव्या मजल्यावर पोचायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि काम करता करता आत अडकलेल्या माणसांना दाराच्या फटीतून गोष्ट सांगायचा. गोष्ट ठरलेली. आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना, बरोबरी, शेवटचं मिनिट, आणि हवेत झेप घेऊन डोक्याने मारलेला गोल. गोष्ट रंगात आली असेल, तर लिफ्ट सुरू होऊनही तो ती संपेपर्यंत दार उघडत नसे, असं लोक सांगत.

चष्मेवाल्याच्या मात्र ही गोष्ट ऐकून चाळीस वर्षं पोटात दुखत होतं. ढब्बू उभ्या जन्मात जमिनीपासून चार बोटं वर उडाला नव्हता. त्या वेळी तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला होता. किक मारली होती संघाच्या कर्णधाराने, म्हणजे चष्मेवाल्याने. चार पावलांवर ढब्बूचा पार्श्वभाग होता, चेंडू त्यावर दाणकन आदळला आणि जाळ्यात गेला. खेळाचे सर तेव्हा पंचांशी हुज्जत घालत होते आणि बाकीच्यांना धुळीत धड काही दिसलं नाही. पोरांनी ढब्बूला खांद्यावर घेऊन पाहिलं, तो पेलवेना, म्हणून खाली ठेवून त्याच्याभोवती नाचली. कर्णधाराकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

सभेच्या दिवशी सकाळी चष्मेवाला ढब्बूचा फोटो न्यायला त्याच्या घरी गेला. ढब्बूच्या बायकोने, वहिनींनी, भाषणाचा कागद मागून घेतला, ओट्याला टेकून वाचला आणि मध्येच थांबल्या.

"भावजी, हे 'अप्रतिम हेडर' काय लिहिलंय?"

"तो तसंच सांगायचा ना."

"लोकांना. कुठे लागला ते मला लग्नानंतर आठवड्याभरात सांगून टाकलं होतं."

चष्मेवाला चपापला. "मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तुमच्यासाठी गप्प बसले. हे म्हणायचे, तेव्हा तुम्हाला समोर हत्ती उभा केला तरी दिसत नव्हता. गोलचा खांब समजून तुम्ही सरांच्या पांढऱ्या स्कूटरवर नेम धरला होता. चेंडू स्कूटरकडे निघालेला तेवढा सरांनी पाहिला आणि ओरडत आले, किक तिकडे कोणी मारली म्हणून. तुमचे डोळे अधू आहेत हे कळलं असतं तर संघातून काढलं असतं तुम्हाला. म्हणून ह्यांनी पुढे होऊन ठोकून दिलं, सर, आमचं ठरलं होतं, त्याने पास द्यायचा आणि मी हेडर मारायचा."

चष्मेवाला स्टुलावर बसला. पांढरं काहीतरी दिसलं होतं खरं. पुढच्याच वर्षी त्याला जाड भिंगांचा चष्मा लागला होता. पण त्या पांढऱ्याला चाकं असतील, असं इतक्या वर्षांत त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"एकदा तरी मला सांगायचं होतं त्याने."

"तुम्ही डोळ्यांचा धंदा करता. गिऱ्हाइकं तुटली असती म्हणायचे."

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. नाडी, पार्श्वभाग, स्कूटर, काही वगळलं नाही. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. सगळ्यात जास्त हसत होती ढब्बूची मुलगी, आणि हसता हसता डोळे पुसत होती.

पहिल्या रांगेत खेळाचे सर होते. वय पंच्याऐंशी, हातात काठी. ते हसले नव्हते. त्यांनी चष्मेवाल्याला जवळ बोलावलं.

"म्हणजे तुला दिसत नव्हतं?"

"नाही सर."

"आणि वर्षभर सगळ्या पेनल्टी तू मारायचास?"

"हो सर."

सरांनी काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "चेंडू त्याच्या अंगाला लागला नसता तर आत गेला नसता?"

"नसता. तुमच्या स्कूटरचा आरसा फुटला असता."

"मग विषय मिटला. गोल त्याचाच. डोक्याने मारला काय आणि बुडाने मारला काय, नियमात फरक नाही."

चष्मेवाल्याने मान डोलावली. चाळीस वर्षांची तक्रार सरांनी उभ्या उभ्या निकालात काढली होती आणि नवल म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. ढब्बूला हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं, आणि तो तिथेच व्यासपीठाच्या पायरीवर बसला.

ढब्बूची मुलगी शेजारी येऊन टेकली.

"काका, परत सांगा. पहिल्यापासून."

त्याने नाक पुसलं, चष्मा नीट केला आणि सुरुवात केली.