आक्कांच्या ओट्यामागची भिंत

कुठलीही वस्तू समोर आली की आक्का आधी तिच्यावर अंगठ्याचं नख ओढायच्या, मग पदराचं टोक जिभेवर ओलं करून तिथं घासायच्या आणि विचारायच्या, "पुसायला सोप्पं हाय का?" पातेलं असो, प्लॅस्टिकची खुर्ची असो, नाहीतर माझ्या कोऱ्या फ्रीजचं दार. तो ओरखडा फ्रीजवर अजून आहे. मी त्यानंतर आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेलच. दार वाजवायची पद्धत नाही, चपला बाहेर, बाई थेट आत. मी पुणतांब्याला शाळेवर आले आणि घर मिळालं ते नेमकं हिच्या भिंतीला भिंत लागून. माझ्या तोंडावर तसा ताबा नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पण आक्कांना टोमणा मारणं म्हणजे म्हशीच्या पाठीवर पाणी ओतणं. "तुमी लई गमतीचं बोलता, मॅडम," एवढं म्हणून वर चहा मागायच्या.

घरात माणसं तीन. आक्का, त्यांचे माळकरी यजमान तात्या, आणि मुलगा किरण. पेरूची बाग, सहा गाई, किरणला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. वय तेहतीस आणि लग्न नाही. आमच्याकडे आता हे घरोघरी आहे. मुलीचा बाप स्वतः शेतकरी, आजा शेतकरी, पण जावई पुण्याला कंपनीत पाहिजे. शेत तेवढं असावं, शेतात जाणारा नसावा. पाहुणे यायचे, पोहे खायचे, बागेतले पेरू पिशवी भरून न्यायचे आणि चार दिवसांनी फोनवर "पत्रिका जुळत नाही" म्हणायचे. पेरू बरे जुळायचे!

अशाच एका मुलीची आत्या घर बघताना आक्कांच्या स्वयंपाकघरात शिरली. ओट्यामागच्या भिंतीवरून तिनं बोट फिरवलं, काळं झालेलं बोट आपल्या वहिनीला दाखवलं आणि नुसतीच हसली. तिथंही पत्रिका जुळली नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या दारात. "मॅडम, ती भित झाकायची आता. रंगीत टाइल लावायची. तुमी शिकलेल्या. तुमाला कळतं. चला राहात्याला."

मला कळतं, हे ऐकून मी फुगले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही किरणच्या गाडीतून राहात्याला गेलो. नगर-मनमाड रस्त्यावर टाइलच्या दुकानांची रांगच आहे. त्यातल्या एका दुकानात शिरलो. मालक गोड बोलणारा. कुठलीही टाइल दाखवताना म्हणायचा, "ही आत्ताच शिर्डीच्या मोठ्या हॉटेलात बसवली." त्याचं खरं मानलं तर शिर्डीतल्या एका हॉटेलाच्या एकाच भिंतीवर चाळीस प्रकारच्या टाइल बसल्या असतील.

मी फिक्या रंगाच्या, बारीक नक्षीच्या दोन टाइल काढल्या. आक्कांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतून औषधाची जुनी बाटली काढली, झाकण उघडलं आणि मांडून ठेवलेल्या पाच-सहा टाइलवर भरभर ओतलं. आमटी होती ती! घरची, काळ्या मसाल्याची, तेलाचा तवंग असलेली आमटी! सगळ्या दुकानात वास सुटला.

"अहो आक्का, हे काय करताय?" मालक ओरडला.

"वाळू द्या," आक्का शांतपणे म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "हाळद निघती का बघू."

अर्धा तास आम्ही आमटी वाळायची वाट बघत बसलो. मी शरमेनं बाहेर जाऊन उभी राहिले. तालुक्यातल्या दोन शिक्षिका नेमक्या तेव्हाच समोरून गेल्या. त्यांना मी सांगितलं की मी रिक्षाची वाट बघतेय.

पण हेही परवडलं. पुढचा प्रकार त्याहून भयंकर होता. दुकानात जी जी तरुण पोरगी येईल तिला आक्का हाताला धरून भिंतीपुढे उभी करायच्या. "बाय माझे, ह्यातली कंची आवडंल गं तुला? तुझ्या सैपाकघरात लावायची म्हनलं तर?" एक कॉलेजची पोर आईबरोबर बाथरूमचे नळ घ्यायला आली होती. ती बिचारी घाबरून आईमागे लपली. एकीनं मोबाइलवरून मान वर न करता जवळची टाइल दाखवली. हिशोबाच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीला तर आक्कांनी तीनदा उठवलं.

"आक्का, मला आणलंय कशाला मग?" मी चिडून विचारलं.

"तुमचं वय झालं, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवडीचं काय करायचं हाय?"

मी बेचाळीस वर्षांची होते हो तेव्हा!

तीन शनिवार असे गेले. तिन्ही वेळा बाटली, तिन्ही वेळा पोरी. शेवटी कॉम्प्युटरवाल्या मुलीनं, बहुधा सुटका व्हावी म्हणून, एका टाइलवर बोट ठेवलं, "ही भारी हाय." झालं, ठरलं. पोपटी आणि नारिंगी चौकटी, आणि मधेमधे चित्राची टाइल. चित्रात लालभडक स्ट्रॉबेऱ्या, जांभळी द्राक्षं आणि उंच दांडीचा एक ग्लास, त्यात लाल काहीतरी. इतकी भडक भिंत मी फक्त जत्रेतल्या पाळण्याच्या तिकीटघरावर बघितली आहे. मी स्पष्ट म्हणाले, "आक्का, हे बघून पाहुण्यांचे डोळे दुखतील."

"त्यांना कुठं ऱ्हायाचंय हितं?" आक्का म्हणाल्या.

मिस्त्रीनं आठवड्यात काम उरकलं. ओट्यापासून थेट छतापर्यंत टाइल, आणि शेगडीच्या बरोब्बर वर तो ग्लास. तात्या कौतुकानं बघत उभे होते. माझी जीभ गप्प बसेल तर शपथ. मी म्हणाले, "तात्या, गळ्यात माळ आणि ओट्यावर दारूचा पेला. छान शोभतंय."

तात्या दचकले. चष्मा पुसून जवळ गेले. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"सरबत हाय ते," आक्का मागून म्हणाल्या.

तात्यांनी पुन्हा एकदा नीट निरखलं. "सरबत आसंल," म्हणाले आणि टोपी सारखी करून बाहेर गेले. त्या घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

खरी गंमत पुढेच आहे. इतकी धावाधाव करून केलेल्या त्या स्वयंपाकघरात आक्कांनी एक दिवसही स्वयंपाक केला नाही! ओट्यावर प्लॅस्टिक पसरलं, शेगडीवर फडकं टाकलं, दाराला कडी घातली. आणि मागच्या अंगणात पत्र्याचं शेड ठोकून तिथं चूल मांडली. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसून आक्का भाकरी थापायच्या. घामानं निथळायच्या, धुरानं डोळे लाल व्हायचे, पण आत जायचं नाव नाही. दर सोमवारी तेवढं कडी काढून आत जायच्या, कोरडी भिंत कोरड्या फडक्यानं पुसायच्या आणि कडी घालून बाहेर यायच्या.

मला आयतंच सापडलं. शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले की मी सुरू व्हायचे. "आमच्या शेजारी संग्रहालय उघडलंय. दर सोमवारी साफसफाई, प्रवेश फक्त सोयरिकीच्या पाहुण्यांना." बाया पोट धरून हसायच्या. आमटीच्या बाटलीची तर मी नक्कल करायचे. दिखाऊ बाई, दुसरं काय! लोकांना दाखवायला भिंत आणि खरी राहणी मागच्या धुरात. मी तिला पुरती ओळखली आहे, असं मला वाटायचं.

असं वर्ष उलटलं. मग श्रीरामपूरकडचं एक स्थळ आलं. मुलगी डी. फार्मसी झालेली आणि तिला स्वतःलाच शेतीचं घर चालत होतं. म्हणजे लॉटरीच. किरण आणि ती दोनदा फोनवर बोलले होते. त्या महिन्यात किरण दूध घालायला जाताना शीळ घालत जायचा. घर बघून झालं, टाइल बघून झाली, मुलीच्या आईनं "किचन भारी हाय हं" असंही म्हटलं. आक्कांचे पाय जमिनीवर नव्हते.

आमच्याकडे घर बघून झालं की शेजारी चौकशी करायची रीत आहे. मुलीच्या आई पाणी प्यायच्या निमित्तानं माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तुमी मास्तरीण हायत, खरं ते सांगाल. मानसं कशी हायेत?"

मी म्हणाले, "माणसं चांगली आहेत. मुलगा सोन्यासारखा आहे." इथं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण तोंडाशी आलेला विनोद मला कधी गिळता आला आहे? मी हसत हसत पुढे म्हणाले, "ते स्वयंपाकघर मात्र फक्त बघायचं आहे बरं का. तिथं आजवर कुणी चहासुद्धा केलेला नाही. स्वयंपाक मागे होतो, पत्र्याच्या शेडमध्ये, चुलीवर."

त्या बाई हसल्या नाहीत. "आस्सं," म्हणाल्या. पेला खाली ठेवला आणि उठल्या. जाताना त्यांनी मागच्या अंगणात डोकावून चूल आपल्या डोळ्यांनी बघून घेतली.

तीन दिवसांनी नकार आला. यावेळी पत्रिका नव्हती. "आमच्या मुलीला धुरात बसवायची नाही," असं सरळ सांगितलं त्यांनी.

आक्का संध्याकाळी माझ्याकडे आल्या. पहिल्यांदाच चहा मागितला नाही. उंबऱ्याशीच बसल्या. मी काही माहीतच नसल्यासारखं विचारलं, "काय म्हणाले हो पाहुणे?" आक्कांनी सांगितलं. मग मी, लाज नसलेली बाई, वर त्यांनाच बोलले, "तुम्ही तरी आत स्वयंपाक का करत नाही? कुणाला दाखवायला ठेवलंय ते?"

आक्कांनी उंबऱ्यावर अंगठ्याचं नख ओढलं. मग म्हणाल्या, "मी ह्या घरात आले ना, मॅडम, तवा हाळद निघाली नव्हती आंगाची. सासूनं हातात खरवडायचं दिलं आन् म्हनली, भित काढ. तिची तीस वर्साची काजळी हुती ती. चार दिस खरवडत हुते. कुनाच्या फोडनीची, कुनाच्या भाकरीची, मला काय ठावं? नखं पार गेली. तवाच ठरवलं हुतं, माज्या सुनंला माजी काजळी काढायला लावायची न्हाई. तिच्या भितीवर पयला डाग तिचाच पडंल. म्हनून ठिवलंय तसंच."

ज्या गोष्टीवर मी वर्षभर शाळा हसवली ती ही गोष्ट होती. सांगावंसं वाटलं की आक्का, ते मीच बोलले, माझ्याच तोंडानं तुमच्या किरणचं लग्न मोडलं. नाही सांगितलं. माझ्यासारखी फटकळ माणसं दुसऱ्याबद्दल बोलायला कधी घाबरत नाहीत, स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. मी चहा ठेवला. आक्कांनी अर्धा प्यायला आणि गाईंची वेळ झाली म्हणून गेल्या. त्यानंतरही त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या, चपला बाहेर, बाई आत. माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत. मला वाटलं, सुटले, त्यांना काही कळलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आक्का गेल्या. डोकं दुखतंय म्हणून दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. बापलेक आता त्याच शेडमध्ये वेड्यावाकड्या भाकरी थापतात. मी दोनदा म्हणाले, आत करा रे. किरण मान हलवतो आणि बाहेरच लाकडं सारतो.

वर्षाच्या आत लग्न उरकावं म्हणून तात्यांनी पुन्हा सोयऱ्यांना निरोप धाडले आहेत. परवा रविवारी वैजापूरकडचे पाहुणे येऊन गेले. घर बघून झाल्यावर मुलीचे आई-वडील माझ्या दारात उभे राहिले. मी आत बोलावलं, खुर्च्या दिल्या.

"चौकशी तुमच्याकडंच करा म्हनून सांगनं हुतं," मुलीची आई म्हणाली.

"कुणाचं?" मी विचारलं. "तात्यांचं?"

"न्हाई. त्या वारल्या ना, त्यांचं. जायच्या आधी दोन म्हैने फोनवर बोलल्या हुत्या आमच्याशी. त्या म्हनल्या, शेजारच्या मॅडमला इचारा. मागच्या टायमाला त्यांच्या बोलन्यावरनं माज्या किरणचं जमता जमता मोडलं. पर त्या बोलल्या ते खोटं नव्हतं. तोंडानं फटकळ हायत, खोटं बोलत न्हाईत."

मी खुर्चीचा हात धरला. म्हणजे बाईला सगळं माहीत होतं. माहीत असून माझ्या घरी येत होती, माझा चहा पीत होती, आणि मुलाचं स्थळ पुन्हा माझ्याच दारात पाठवून गेली.

"मग सांगा," मुलीची आई म्हणाली. "घर कसं हाय? सैपाकघर लई नवंकोरं दिसलं आमाला."

"त्या स्वयंपाकघरात आजवर कुणी चहासुद्धा केलेला नाही," मी म्हणाले. "स्वयंपाक मागे होतो. शेडमध्ये, चुलीवर."

तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उठायला लागला.

"बसा," मी म्हणाले. "बसा हो, उठू नका. माझं सांगून झालेलं नाही अजून."