अर्ध्यातून उठून गेलेले

लोक रिकामा वेळ कसा घालवतात, हा मुलीच्या अभ्यासाचा विषय. तिचा काका तिला फुरसतबाई म्हणायचा. बाप निवृत्त बसड्रायव्हर. चारचौघांत कोणी विचारलं की त्याची पंचाईत व्हायची. "कॉलेजात शिकवते," एवढ्यावर तो वेळ मारून न्यायचा.

यंदा मात्र त्याची मान ताठ होती. संध्याकाळच्या गाण्याच्या वर्गाला जाणारी माणसं जास्त समाधानी असतात, असं मुलीच्या आकड्यांतून निघालं होतं. परिषदेत निबंध वाचला की तिची हंगामी नोकरी कायम होणार, हे विभागप्रमुखांनी जवळजवळ कबूलच केलं होतं. बापाने भावाला लगेच कळवूनही टाकलं. तेवढा दम त्याला कुठला निघायला?

आणि परिषदेच्या आदल्या दिवशी मुलगी तोंड पाडून जेवायला बसली.

"बाबा, घोळ झालाय. वर्ग अर्ध्यातून सोडून गेले त्यांना मी धरलंच नाही. टिकले ते खूश असणारच ना? नाहीतर टिकले कशाला असते? सगळ्यांना धरलं तर फरक जेमतेम उरतो."

"साहेबांना सांगितलंस?"

"म्हणाले, सगळेच गाळतात, एवढं कोण बघतं."

"मग झालं तर. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

ती ताट उचलून आत गेली. तिला पटलं, असं बापाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला. मुलीने पडद्यावर पहिलाच तक्ता लावला तो सोडून गेलेल्यांचा. किती आले, किती गेले, का गेले. बहुतेकांना घरकामातून संध्याकाळ मोकळी मिळतच नव्हती. "यांना धरलं की माझा निष्कर्ष टिकत नाही," ती म्हणाली. विभागप्रमुख चष्मा पुसत राहिले. आता नोकरी कायम होत नाही हे बापाला कळलं, तरी त्याचा ऊर भरून आला. वरिष्ठांसमोर असं उभं राहणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

कायम दुसऱ्यालाच केलं.

रात्री काकाचा फोन आला. "काय, झाली का फुरसतबाई कायम?" मुलीने मान खाली घातली.

"नाही झाली," बाप म्हणाला. त्याने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसला. "का नाही झाली ते ऐक. अभिमानाने सांगतोय, मध्ये बोलू नकोस. समज, एका वर्गातून माणसं अर्ध्यातून उठून गेली..."