पालथ्या टोपल्या

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, स्लाइड, रिपोर्ट... जे डोळ्यांना दिसलं नाही त्याच्यावर सही करायची नाही, हा माझा धंदाच आहे. इथले असले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते चहाबरोबर, करमणूक म्हणून. निम्म्या लोकांचं निदान तर मी वाचता वाचताच 'अ‍ॅसिडिटी' असं करून टाकते. त्यामुळे मी स्वतः इथे लिहायला बसलेय हे माझ्या नवऱ्याला अजून खरं वाटत नाहीये. हसतोय तो. हसू दे.

साल चौऱ्याण्णव असावं. मे महिना. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्ही बंगळूरचेच मराठी – पूर्वज कधी आणि कोणाच्या फौजेबरोबर इकडे आले ते घरातला प्रत्येकजण वेगवेगळं सांगतो. आमचं घर मल्लेश्वरमला, पण सुट्टी लागली की आम्ही सगळी भावंडं आत्याकडे. देवनहळ्ळीच्या पुढे सहा किलोमीटर आत तिचं गाव. तेव्हा तिकडे विमानतळ वगैरे काही नव्हतं. हेब्बाळचं तळं मागे पडलं की रस्ता मोकळा व्हायचा आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव नि तुतीची शेतं लागायची.

आत्याकडे रेशीमकिडे होते. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंडी फुटल्यापासून कोष होईपर्यंत साधारण महिना जातो. तेवढ्यात किडे चार वेळा कात टाकतात, आणि चौथ्यांदा कात टाकली की जो आठवडा येतो तो म्हणजे नुसतं खाणं. दिवसातून चार वेळा पाला घालायचा. एक वेळ चुकली की कोष हलके होतात, आणि पाला खराब गेला तर सगळंच संपलं. घरातली सगळ्यात मोठी, थंड खोली किड्यांची. आम्ही बारा-तेरा माणसं अंगणात झोपायचो. स्वयंपाक मागच्या छपरात, कारण मिरचीच्या फोडणीचा धूर किड्यांना चालत नाही. पावडर चालत नाही, वासाचं तेल चालत नाही, डास पळवायची उदबत्ती तर अजिबात नाही. एकदा काकू पाँड्ससारखी काहीतरी पावडर लावून आत निघाली तर आत्यानं तिला दारातून परत पाठवून तोंड धुवायला लावलं होतं. काकू ते पुढे कितीतरी दिवस विसरली नव्हती. पण मजा यायची. सकाळी पाला तोडायचा, दुपारी विहिरीत डुंबायचं, नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, आणि हुलग्याचं सार ओरपायचं, आणि रात्री आतून येणारी किड्यांच्या खाण्याची कुरकुर ऐकत झोपायचं.

हे सगळं खरं म्हणजे मामांचं. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. ते बोलायचे कमी आणि टापटीप भयंकर. पाल्याची टोपली रिकामी झाली की ती पालथीच घातली पाहिजे, मोठीवर मधली, मधलीवर लहान. वर गोणपाटाची चौपदरी घडी. टोपली उताणी दिसली की म्हणायचे, "पालीला पाळणा घातलास काय गे?" बस्, एवढंच. ओरडायचे नाहीत. पण टोपली आपोआप पालथी व्हायची.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात मामा गेले. साध्या तापाचं निमित्त झालं. मूलबाळ नव्हतं. आणि त्या मे महिन्यात माझे अप्पा आणि काका ठरवूनच आले होते – अक्काला, म्हणजे आत्याला, मल्लेश्वरमला न्यायचं. त्यात वाईट काही नव्हतं, त्यांना खरंच काळजी वाटायची. एकटी बाई, वय छप्पन्न, आजूबाजूला नुसती शेतं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे एक पीक मला एकटीला काढू दे. बिघडलं तर गप येते तुझ्याबरोबर. आलं तर मात्र हा विषय परत काढायचा नाही."

अप्पा म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक आहे.

त्यांना वाटलं, महिन्याभराचा प्रश्न. तिला वाटत होतं, जन्माचा प्रश्न. तिच्या हालचालीतच ते कळायचं. ती किड्यांच्या ताटांवरून हात फिरवायची तेव्हा आम्ही पोरीही बोलायचं थांबायचो.

शेवटच्या आठवड्याचा तिसरा दिवस. मुनियम्मा म्हणून एक बाई आत्याच्या हाताखाली वर्षानुवर्षं होती, तिच्या मुलीचं लग्न देवनहळ्ळीला. ती मुलगी आत्याच्या अंगणात वाढलेली, त्यामुळे आत्याला जाणं भागच होतं. सगळेच निघाले. मला लग्नाचा कंटाळा – खुर्चीवर बसायचं आणि 'आता हिचं कधी' हे ऐकायचं. मी म्हटलं, मी थांबते, दोनचा पाला मी घालते. आत्या नको म्हणत होती, पण दुसरं कोण होतं?

"विहिरीकडच्या वाफ्यातला आण पाला," असं ती मला सकाळीच सांगून केस विंचरायला बसली होती.

आता माझा शहाणपणा ऐका. विहिरीकडचा वाफा लांब, ऊन चढत चाललेलं. बांधाकडचा वाफा घरामागेच, शेजारच्या नारायणप्पाच्या द्राक्षमळ्याला लागून. पाला तोच, तुतीचाच. मी आणि माझी चुलतबहीण सुधा, दोघींनी तिथूनच तीन टोपल्या भरल्या. सुधा म्हणाली, "कसला गं वास येतोय?" मी म्हटलं, खताचा असेल. मी बायोकेमिस्ट्री शिकत होते ना, त्यामुळे मला सगळं कळत होतं! टोपल्या पाल्याच्या खोलीत ठेवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं आणि आत्याला काही सांगितलं नाही.

साडेदहाचा वेगळा, पहाटे तोडलेला पाला घालून आत्या, सुधा आणि बाकी सगळे गेले. मी पुढच्या दाराशी कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसले. घराची रचना सांगायला हवी. पुढचं दार, त्यातून किड्यांची खोली, आणि तिच्या पोटात पाल्याची लहान खोली. तिला दुसरं दार नाही, एक गजाचा झरोका तेवढा. मागचं दार वेगळं, पण किड्यांच्या दिवसांत माशी येऊ नये म्हणून ते आतून कडी घालून बंद. म्हणजे आत जायचं किंवा बाहेर यायचं तर मला ओलांडूनच. मी झोपले नव्हते. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण प्रत्येकजण हाच प्रश्न पहिल्यांदा विचारतो. मी त्या वेळात अठ्ठावीस पानं वाचली आणि पेन्सिलीनं खुणाही केल्या. ते पुस्तक आजही माझ्याकडे आहे.

दोन वाजता हातपाय धुऊन आत गेले. पाल्याच्या खोलीत पाय टाकला आणि...

टोपल्या रिकाम्या. तिन्ही पालथ्या. मोठीवर मधली, मधलीवर लहान. वर गोणपाटाची चौपदरी घडी.

खरं सांगू? मला भीती वाटलीच नाही. मला संताप आला. वाटलं, पोरांनी जाता जाता केलेली चेष्टा. पण मी ठेवल्या तेव्हा तर पोरं बसस्टॉपच्या वाटेला लागली होती! मागचं दार बघितलं, कडी आतून तशीच. ती काढून मागे गेले. उकिरड्याच्या खड्ड्यात एका कोपऱ्यात ताजी माती दिसली. पायानं उकरली तर खाली माझा पाला. तीन टोपल्या पाला, नीट पसरलेला, वर वीतभर माती. कोणाची शेळी तोंड घालणार नाही अशा बेतानं.

विचार करायला वेळ नव्हता. आत किडे माना वर करून हलवत होते, भुकेले असले की तसं करतात. विळा घेतला आणि आत्याचं न ऐकल्याची आता शरम वाटली म्हणून विहिरीकडच्या वाफ्यात धावले. एकटीनं, टळटळीत उन्हात, एक एक टोपली. हाताला फोड आले. रडत होते मी, पोरांना शिव्या देत देत. शेवटच्या ताटात पाला पडला तेव्हा तीन वाजून गेले होते.

साडेचारला सगळे आले. मी अंगणातच सुरू झाले – कोणी केलं हे, आत्याचं पीक बुडालं असतं म्हणजे? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आत्या सरळ आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी मागोमाग गेले. मी दुसऱ्या वेळी पाला आणून टोपल्या जशाच्या तशा उताण्या टाकल्या होत्या. पण ती घडी केलेलं गोणपाट मी कोनाड्यात ठेवलं होतं. ती त्याच्याकडे बघत उभी होती.

"ही घडी कोणी घातली?"

"मला काय माहीत? टोपल्यापण पालथ्या घातलेल्या, एकीवर एक."

तिनं माझ्याकडे वळून बघितलं आणि भिंतीला हात टेकवला.

तेवढ्यात बाहेर सायकल आपटल्याचा आवाज झाला. नारायणप्पा घामानं निथळत आला होता. त्यानं कन्नडमधून एका दमात सांगितलं ते असं – आज पहाटे द्राक्षांवर औषध मारलं, वारा तुमच्या बांधाकडे होता, निरोप द्यायचा राहिला. अक्का, तिकडचा पाला पंधरा दिवस तोडू नका. आज तोडला नाहीत ना?

सुधा माझ्याकडे बघत होती. मग मीच सांगितलं, तोडला होता म्हणून. सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोग केला, कारण माझा स्वभाव. आत्याकडून वीस किडे मागून घेतले. दहा विहिरीकडच्या पानांवर, दहा बांधाकडच्या. बांधाकडच्या दहांनी तासाभरात हिरवं पाणी ओकलं, अंग आखडलं आणि संपले. सगळ्या ताटांत मिळून जवळजवळ वीस हजार किडे होते. मी माझ्या हातानं घालणार होते तो पाला, दोन वाजता.

नंतर सगळ्या शक्यता तपासल्या. सगळी पोरं लग्नात पंगतीत होती, अप्पांनी स्वतः बघितली. मुनियम्मा नवरीची आई, ती कुठे येणार? नारायणप्पानं केलं असतं तर लपवलं कशाला असतं? तो तर हात जोडत होता. काकांनी शेवटी सुचवलं की मीच उन्हाच्या तारेत केलं असेल आणि विसरले असेन. माझ्या हातांना, नखांना मातीचा कण नव्हता. आणि ती अठ्ठावीस पानं मग वाचली कोणी? आवाजही काही आला नाही. ना पावलं, ना खोकला. तेच मला अजून खुपतं... काहीतरी ऐकू यायला हवं होतं.

पीक उत्तम आलं. कोष टपोरे, पिवळेधमक. अप्पा शब्दाला जागले. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. चंद्रिकेवरून कोष काढायला – म्हणजे किडे ज्या बांबूच्या चटईवर कोष विणतात तिच्यावरून – मी आणि आत्या शेजारी शेजारी बसलो होतो. मला वाटलं ती खूश असेल. ती एकदम म्हणाली, "ह्यांच्या दहाव्याला पान वाढलं तेव्हा कावळा शिवला नाही, मंजू. दुपार झाली तरी नाही. मी वाट बघबघून शेवटी गाईला घातलं. आणि आले कधी, तर मी लग्नाला गेलेली असताना." हातातला कोष तिनं नखानं सोलला, उगीचच. "किड्यांची काळजी. मी कशी हाय म्हणून स्वल्प विचारायचं तरी."

आणि हसली. मग रडली. मीपण रडले, विज्ञान बाजूला ठेवून.

त्यानंतर बारा वर्षं ती त्याच घरात राहिली, किडे पाळत. लग्नानंतरही मी मे महिन्यात दोन दिवस तरी जायचे. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की दुपारी एक वाजला की आत्या घर उघडं टाकून बाहेर निघते. विहिरीकडच्या करंजाखाली जाऊन बसते. हातात ना काम, ना काही. दोनला उठून परत येते आणि पाला घालते. मला वाटलं, आत उकडत असेल. एकदा मी मागोमाग गेले आणि विचारलं.

"मी असले की येत नाहीत ना," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात, जणू दूधवाल्याबद्दल सांगतेय. "म्हणून रोज एक तास घर रिकामं ठेवते."

"मग आले कधी? काही दिसलं, हललेलं?"

"नाही. पण यायचं असलं तर अडचण नको."

मी पडले लॅबवाली. टोपल्यांच्या त्या दुपारी काय झालं याचा रिपोर्ट माझ्याकडे आजही कोरा आहे, आणि मी त्याच्यावर सही करणार नाही. आत्या गेल्यालाही आता वर्षं झाली. पण त्या दिवशी करंजाखाली मी घड्याळ बघितलं तर दोनला वीस मिनिटं कमी होती. मी तिच्या शेजारी बसले. बसताना तोंड घराकडे आलं होतं, तर उठले आणि घराकडे पाठ करून बसले.